शंभूची छक्कीची जोडी

राहू गावच्या शंभू कोळपेला देवानं देताना हात आखडता घेतला नव्हता. धडधाकट शरीर, रांजणगावच्या कारखान्यात पर्मनंट नोकरी, चारचौघांत हशा पिकवणारी जीभ आणि प्रतिभासारखी बायको. फक्त हातात आलेली वस्तू टाकायची अक्कल तेवढी द्यायची राहून गेली. त्यातही वस्तू एकटी असेल तर तो एक वेळ टाकेल, पण दोन असल्या की मेलं! एक चप्पल तुटली की तिच्यासोबत धड असलेलीही माळ्यावर जायची. प्रतिभा म्हणायची, "अहो, फेका की ती." हा म्हणायचा, "आगं, जोडी हाय. जोडी फेकत्यात व्हय?" त्या माळ्यावर पाय ठेवायला जागा उरली नव्हती.

हे दुखणं वडिलोपार्जित होतं. शंभूचे वडील गेणबा यांनी मेंढरं विकून शेतीला हात घातला, तेव्हा हरण्या आणि मोऱ्या अशी बैलजोडी घेतली. पुढं ट्रॅक्टर आला आणि बैल विकायची वेळ आली. बाजारात एक गिऱ्हाईक हरण्यासाठी मागतील तो भाव द्यायला तयार होतं, पण मोऱ्या पायानं अधू, तो नको म्हणालं. गेणबा दोन्ही बैल घेऊन चालत घरी परतले. "जोडी मोडायची न्हाई," एवढंच म्हणाले. गावानं त्यांना डोक्यावर घेतलं. पारावर अजूनही हे सांगतात. कुशाबाईंचं, म्हणजे शंभूच्या आईचं, मात्र कुणी सांगत नाही. त्या बाईनं पुढची कित्येक वर्षं बिनकामाच्या दोन बैलांना वैरण कापली. ही गोष्ट प्रतिभानं लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ऐकली, आणि ऐकता ऐकता तिला सासूची दया आली. आता सासू नव्हती आणि वैरणीचा विळा, तिला वाटायचं, आपल्या हातात आला आहे.

कारखान्यात कुणी एक तरुण इंजिनिअर आला होता, त्यानं कँटीनमध्ये शंभूच्या लाइनवरच्या पोरांना पोकर शिकवला. साहेब बदली होऊन गेला, खेळ राहिला. पैसे लावायची कुणाची छाती नव्हती, एचआरवाले कान टवकारून बसलेले. म्हणून भंगारात निघालेले वॉशर लावायचे. खेळ तसा सरळ. प्रत्येकाला दोन पानं मिळतात, ती आपली आपण बघायची. मग मधोमध सगळ्यांची मिळून पाच पानं उघडत जातात, आधी तीन, मग एक, मग एक. आपली दोन आणि मधली पाच मिळून ज्याचं चांगलं जमेल त्याचा डाव. दर टप्प्याला वॉशर लावायचे, वाढवायचे, नाहीतर पानं टाकून गप्प बसायचं. बोलायची पाळी फिरत असते. ज्याला पहिलं बोलावं लागतं तो आंधळा, कारण मागच्यांच्या हातात काय आहे त्याला ठाऊक नसतं. जो शेवटी बोलतो तो राजा.

आता दुर्रीची जोडी, तिर्रीची जोडी हे दिसायला गोजिरवाणं असतं. पण मधल्या पानांत तिसरी दुर्री आली तरच तिचा उपयोग, आणि ती येते क्वचित. एरवी कुणाकडंही दश्शीची, गुलामाची जोडी जमली की आपल्या दुर्र्या गेल्या मातीत. शेवटी बोलायचं असेल तर स्वस्तात बघून घ्यावं. पहिलं बोलायचं असेल तर गुपचूप टाकावी. एवढं साधं गणित. शंभूला ते पटत नव्हतं. हातात जोडी दिसली की त्याचे डोळे चमकायचे, मिशी हलायची आणि तो सगळ्यांच्या आधी मूठभर वॉशर पुढं ढकलायचा. दुर्री-तिर्रीच्या जोड्यांना तो 'खोंडं' म्हणायचा. "खोंडं हायती, पळत्याल," म्हणायचा. खोंडं पाच पावलं पळायची आणि बसायची.

प्रतिभाला हे सगळं ठाऊक होतं, कारण घरी चिंचोके घेऊन हा तिच्याशी आणि नऊ वर्षांच्या लेकीशी, सोनमशी खेळायचा. तिला खेळाचं कौतुक नव्हतं. पण नवरा रोज तीच चूक करतो आणि रोज नव्यानं चकित होतो, हे बघून कुणाचंही डोकं फिरेल.

एरवी तिनं सोडून दिलं असतं. चिंचोके काय, वॉशर काय, कुणाच्या बापाचं काय जातंय? पण या पावसाळ्यानंतर दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या आणि प्रकरण चिंचोक्यांवर राहिलं नाही.

पहिली गोष्ट प्रतिभाची. लग्नाआधी तिनं दौंडला लॅब टेक्निशियनचा कोर्स केला होता. सर्टिफिकेट कपाटात, साड्यांच्या खाली. दहा वर्षांनी यवतच्या एका दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला बोलावलं. संध्याकाळची लॅब, पाच ते नऊ. बाईंनी तिला एका पेशंटचं रक्त काढायला लावलं, तपासणीची काच तयार करायला लावली आणि म्हणाल्या, "हात अजून हलका आहे तुमचा. येत्या सोमवारपर्यंत कळवा, तोवर जागा ठेवते." हलका आहे म्हणाल्या! त्या दिवशी प्रतिभा स्कूटीवरून घरी आली ती रस्ताभर एकटीच हसत.

अडचण गेणबांची होती. मागच्या साली ते गोठ्यापाशी घसरून पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं. आता वॉकर घेऊन चालायचे. तेव्हापासून घरात नियम झाला की म्हाताऱ्यापाशी कुणीतरी मोठं माणूस पाहिजेच. शंभूची पहिली पाळी असली की तो पाचच्या आत घरी. रात्रपाळी असली तरी संध्याकाळी घरीच. घोडं अडायचं ते दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात. दुपारी गेलेला माणूस मध्यरात्री उगवायचा.

दुसरी गोष्ट कारखान्यातली. तिथं एक नवं तपासणीचं टेबल आलं, ते फक्त पहिल्या पाळीत चालणार. त्यावर एक माणूस कायमचा पाहिजे. सहा जण सारख्याच सर्व्हिसचे, सहाही जणांना हवं. सुपरवायझर शहाणा. त्यानं वाईटपणा घेतला नाही. म्हणाला, "आपसात ठरवा आणि एक नाव द्या."

सहा समंजस माणसांनी चिठ्ठ्या टाकल्या असत्या. पण कवठे येमाईचा जयसिंग, आवाज असा की शेजारच्या लाइनवर ऐकू जावा, तो म्हणाला, "चिठ्ठ्या काय, बारशाला बसलोय का? पोकर खेळू. ज्याच्यात दम, त्याला फर्स्ट शिफ्ट." आणि सहाच्या सहा जण तयार झाले, कारण प्रत्येकाला वाटत होतं की दम आपल्यातच आहे.

शंभूनं ही बातमी घरी आणली ती पेढे आणल्यासारखी. प्रतिभा भाकरी थापत होती. तिचा हात परातीतच राहिला.

"माझी नोकरी तुम्ही पत्त्यावर लावली?"

"लावली न्हाई, मिळवायला निगालोय. आन् ऐक की, समदे आपल्याकडंच येणार हायती सुट्टीला. मी म्हनलं, मटण करू."

प्रतिभानं कपाळाला हात लावला, तो पिठाचाच. स्वतःच्या नोकरीचा निकाल लागायचा, आणि निकाल लावणाऱ्या सहा जणांसाठी मटण रांधायचं कुणी? तर तिनंच. हे फक्त शंभूलाच सुचू शकतं.

पण चिडून उपयोग नव्हता, हातात दिवस थोडे होते. तिनं शिकवणी लावली. रोज जेवणं झाली की चिंचोके, पत्ते, आणि शंभूला मुद्दाम पहिल्या बोलीला बसवायचं. लहान जोडी आली की ती नुसती बघत राहायची. हा टाकायला हात उचलायचा, पुन्हा खाली आणायचा, पुन्हा उचलायचा. "तिसरी आली तर?" म्हणायचा. सोनम म्हणायची, "पप्पा, टाका की, मला झोप येतीय." चौथ्या दिवशीही पालथ्या घड्यावर पाणीच. त्या दिवशी प्रतिभानं पत्ते गोळा केले आणि त्याला देव्हाऱ्यापुढं उभा केला.

"बिरोबाची आण घ्या. पहिलं बोलायचं असंल आन् हातात लहान जोडी असंल, तर टाकीन म्हणा."

"लहान म्हंजी केवढी?"

"पंजीपर्यंतची सगळी लहान."

त्यानं भंडारा कपाळाला लावला आणि आण घेतली. पंजीपर्यंतची. बिरोबापुढं हा माणूस खोटं बोलणार नाही याची प्रतिभाला खात्री होती, आणि ती खरीही होती. म्हणून त्या रात्री ती निवांत झोपली.

सुट्टीच्या दिवशी दुपारी पडवीत सतरंजी पडली. सहा जण गोल बसले. आतल्या दाराशी गेणबांची खाट, तिथून त्यांना सगळं दिसायचं. ज्याचे वॉशर संपले तो बाद, शेवटी उरेल त्याचं नाव सुपरवायझरला, असं ठरलं. प्रतिभा चुलीवरून पडवीत आणि पडवीतून चुलीवर करत होती. रश्शात मीठ किती टाकलं हे तिचं तिलाच आठवेना.

आश्चर्य म्हणजे शंभू चांगला खेळत होता. पहिल्या बोलीला तिर्रीची जोडी आली, ती त्यानं टाकली. टाकताना तोंड असं केलं की काळीज काढून ठेवतोय, पण टाकली. नंतर चौकीची जोडी, तीही टाकली. प्रतिभानं चहा देताना दोन्ही वेळा त्याच्या खांद्यावरून पाहिलं होतं. एक जण बाद होऊन मोबाईल बघत बसला. पाच उरले. शंभूपुढं बऱ्यापैकी ढीग होता. सगळ्यांत मोठा ढीग मात्र, कुणाच्या लक्षात न येता, शिरूरच्या नवनाथपुढं झाला होता. नवनाथ कमी बोलायचा, दहापैकी आठ डाव टाकून द्यायचा आणि मान खाली घालून बसायचा. रात्रपाळीनं त्याच्या पोटाची पार वाट लागली होती, औषधाची डबी खिशात घेऊन फिरायचा. त्यालाही ही जागा हौसेपोटी नव्हे, गरजेपोटी हवी होती.

मग नवनाथनं पानं वाटली. पहिली बोली शंभूवर आली. प्रतिभा वाटीत रस्सा घेऊन दारात उभी होती, कारण जयसिंगला तिखट बघायचं होतं. शंभूनं पानांचे कोपरे उचलले. छक्की. छक्की.

तिनं मनात म्हटलं, टाका. शंभूची मिशी हलली. आणि त्यानं मूठभर वॉशर पुढं ढकलले.

आण पंजीपर्यंतची होती! प्रतिभाच्या हातातली वाटी हिंदकळली आणि रस्सा बोटांवर आला. बघणाऱ्यानं बोलायचं नाही, हा नियम सगळ्यांनी मिळून केलेला. मागून चार जण बोलायचे होते. जयसिंगनं लगेच दुप्पट केलं. नवनाथनं जरा थांबून तेवढेच लावले. बाकी दोघांनी पानं टाकली. पुन्हा पाळी शंभूची. अजूनही टाकता आलं असतं. त्यानं वॉशर भरले.

मधली तीन पानं उघडली. राजा, दश्शी, सत्ती. छक्कीचा पत्ता नाही. शेंबड्या पोरालाही कळावं की आता इथं आपलं काही नाही. आणि पुन्हा पहिलं बोलायचं यालाच. शंभूनं नवनाथकडं पाहिलं, जयसिंगकडं पाहिलं, पानांवर हात ठेवला, आणि आणखी मोठी मूठ पुढं सारली. जयसिंगनं एक शिवी हासडून पानं टाकली. नवनाथनं खाली मान घालूनच आपला सगळा ढीग पुढं केला.

"आता काय," शंभू म्हणाला, "जुपलंय तर पळवायचं." त्यानं उरलेलं सगळं लावलं.

पुढचं पान दुर्री आलं. शेवटचं आलं राणी. नवनाथकडं राजा होता, मधल्या राजाशी मिळून राजांची जोडी. त्यानं वॉशर गोळा केले आणि हळूच म्हणाला, "सॉरी, शंभूशेठ."

"तिसरी येणार व्हती राव," शंभू सगळ्यांना सांगत होता. "एका पानानं हुकली." सत्ती आली म्हणून एका पानानं हुकली म्हणे! या हिशेबानं तर तो जन्मभर एका पानानंच हुकत आला होता.

नंतरचा डाव प्रतिभानं पाहिला नाही. आत जाऊन भाकऱ्या करत बसली. नवनाथ जिंकला हे तिला जयसिंगच्या आरडाओरड्यावरून कळलं. सगळे पोटभर जेवले. मटण अळणी झालंय हे कुणी बोललं नाही, फक्त मीठ दोनदा मागितलं. नवनाथनं तेवढं मटण घेतलं नाही, नुसता ताक-भात खाऊन उठला आणि जाताना म्हणाला, "वहिनी, त्रास दिला तुम्हाला." त्याच्यावर रागावता आलं असतं तर बरं झालं असतं, पण तेही जमेना.

पाहुण्यांच्या गाड्या रस्त्याला लागल्या आणि प्रतिभानं तोंड उघडलं.

"आण घेतली होती ना?"

"पंजीपतूर घेतली व्हती. छक्की हाय ती. बिरोबाला इचार."

"बिरोबाला कशाला? मी सांगते. छक्की म्हणजे एका टिकलीनं मोठी पंजी! मागं चार माणसं बोलायची होती, त्यांच्या हातात काय आहे, केला विचार? तिसरी येईल, तिसरी येईल! तुमची तिसरी येईस्तोवर माझं आयुष्य चाललं. साड्यांखाली पडून सर्टिफिकेट पिवळं झालं. ती बाई म्हणाली, हात हलका आहे तुमचा. दहा वर्षांत मला कुणी काही चांगलं म्हणालं असंल तर तेवढंच!"

तिचा आवाज फाटला आणि ती रडायला लागली. तिला रडायचं नव्हतं, भांडायचं होतं, म्हणून तिला रडण्याचाही राग आला. शंभू वॉशर चिवडत खाली बसला.

"कसली नोकरी?" खाटेवरून आवाज आला.

दोघांनी मान वळवली. गेणबा उठून बसले होते.

"यवतला, मामा," प्रतिभानं पदरानं नाक पुसलं. "दवाखान्यात. संध्याकाळची."

"मग जा की."

"जाऊ कशी? ह्यांची सेकंड शिफ्ट असली की तुमच्यापाशी कोण?"

"माझ्यापाशी?" म्हाताऱ्याच्या भुवया वर गेल्या. "त्येच्यासाटनं ह्यो डाव मांडला व्हता? मला वाटलं, ह्याला झोप पुरत न्हाई म्हणून दिवसपाळी पायजे."

"आबा, तुमी पडला व्हता," शंभू म्हणाला. "कुणीतरी पायजेच की जवळ."

"पडलो तवा तुम्ही दोघंबी घरातच व्हता! धरलं का कुणी?" गेणबांचा आवाज चढला. "आरं, माळरानावर चार-चारशे मेंढरं राखली मी. लांडगं हाकललं. आन् मला राखायला आता माणूस? मी काय कोकरू हाय? सोनी हाय घरात. शेजारी भागुबाई हाय, हाळी दिली की येती. चार घंटं बसून ऱ्हायला काय लागतंय मला? टीव्ही हाय, तंबाखू हाय." ते दम खायला थांबले. मग एकदम पडलेल्या आवाजात म्हणाले, "एकदा तरी इचारलं का मला? समद्या लायनीला इचारलं, सुपरवायजरला इचारलं, देवाला इचारलं. म्हातारं इथंच बसलं व्हतं."

आपण कधी विचारलं होतं का, हे प्रतिभानं आठवून बघितलं, आणि आठवायला काही नव्हतं. आठवडाभर ती रोज या माणसाला चहा देत होती, गोळ्या देत होती, वॉकर सरकवून देत होती आणि त्याच्या डोक्यावरून नवऱ्याशी भांडत होती. विचारायचं तिच्या मनातही आलं नव्हतं. शंभूच्या खोंडांवर ती एवढी तापली होती, आणि साधा एक शब्द बोलायचा होता तो तिनंच टाकून दिला होता.

"चुकलं, मामा," ती म्हणाली.

"चुकलं तर चुकलं. मटणबी अळणी झालंय," गेणबा म्हणाले आणि वॉकर ओढून, कुणाला हात लावू न देता, एकटेच मोरीकडं निघाले. दोघंही जागेवर उभे राहून बघत राहिले. त्यांना वेळ लागला, पण ते पोचले.

प्रतिभानं फोन लावला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मग, मिस्टरांच्या शिफ्टचं झालं का?"

"नाही झालं, मॅडम. मी सोमवारी येते."

फोन ठेवून ती तशीच बसली. आनंद झाला होता, खोटं कशाला बोला. आणि आनंदाच्या बरोबरीनं डोकं सणकलं होतं. रात्र रात्र पत्ते, देवाची आण, सहा माणसांचं मटण, भाजलेली बोटं, आणि हे सगळं कशापायी? तर खाटेवर बसलेल्या माणसाला एक प्रश्न विचारायचा राहिला म्हणून. चिडायचं तरी कुणावर? म्हाताऱ्यावर चिडता येत नव्हतं. नवनाथवर येत नव्हतं. स्वतःवर चिडून बघितलं, तर त्यानं समाधान होईना.

तेवढ्यात शंभू मिशीत हसत जवळ आला. "बघ, झालं ना आपलं काम? मी म्हनलंच व्हतं, हुईल समदं बराबर."

प्रतिभानं त्याच्याकडं पाहिलं. पडवीत सहा जणांची खरकटी ताटं, रश्शाची पातेली आणि भाकरीची परात पडली होती.

"उठा," ती म्हणाली, "आणि भांडी घासायला बसा."